अमूलखभाईंची भूलपोथी

आमच्या गल्लीत माफी मागायला कुणाला फार वेळ लागत नाही. पर्युषण संपलं, संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जैन शेजारी हात जोडून दारोदार फिरतात, ‘मिच्छामि दुक्कडम, मिच्छामि दुक्कडम’, आणि दुपारच्या आत अर्धं खंभात उरलेल्या अर्ध्याला माफ करून मोकळं होतं. आम्ही वैष्णव. पण सगळा जन्म यांच्या शेजारात गेला, त्यामुळे आम्हीही हात जोडतो. वर्षभर नळाच्या पाण्यावरून जिचं तोंड बघायचं नाही, तिच्यापुढेही जोडतो. संध्याकाळी परत नळ येतो, ती गोष्ट वेगळी.

अमूलखभाईंचं मात्र असं उरकून टाकणं नव्हतं. ‘तोंडी माफी कशाची मागितली तेच कळत नाही,’ असं ते म्हणायचे. म्हणून ते लिहायचे. त्रण दरवाजापाशी त्यांचं चष्म्यांचं लहानसं दुकान होतं, एक काच-कपाट, एक आरसा आणि भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणारी अक्षरं. दुकान बंद करून ते घरी येत, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकत आणि ओट्यावर येऊन बसत. मांडीवर फळी, फळीवर वही. त्या वहीत रोज दोन-तीन ओळी, आज कुणाला दुखावलं एवढंच. वहीला ते भूलपोथी म्हणत, भूल म्हणजे चूक.

‘अमूलखभाई, कधी चांगलंही वागत असाल की! ते नाही लिहीत?’ असं मी एकदा विचारलं होतं.

‘ते न लिहिताच लक्षात राहतं, वसुबेन,’ ते म्हणाले. ‘त्याला वही कशाला?’

आणि संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ही वर्षभराची भूलपोथी घेऊन ते पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यासमोर बसत. प्रत्येकाला वेगळं कार्ड. तिथीसकट, चुकीसकट. गल्लीतल्या माणसालाही पोस्टानेच. आता तुम्हाला वाटेल, किती छान. छान होतं, पण त्यातली गोम अशी की निम्म्या लोकांना आपल्याला दुखावलं गेलंय हे ते कार्ड येईपर्यंत ठाऊकच नसायचं. हलवासनवाल्या चंदुलालला एकदा कार्ड गेलं, ‘गेल्या मागशरात मुंबईच्या पाहुण्यांसमोर मी म्हणालो की तुमच्या हलवासनात हल्ली डिंक जास्त पडतो. मिच्छामि दुक्कडम.’ चंदुलाल हलवासनाचा डबाच घेऊन दुकानात आला. ‘खा! माझ्यासमोर खा, आणि सांग कुठे जास्त आहे डिंक!’ अमूलखभाईंनी शांतपणे एक वडी खाल्ली, डोळे मिटून चघळली आणि म्हणाले, ‘थोडा जास्तच आहे रे.’ त्या संध्याकाळी भूलपोथीत चंदुलालच्या नावावर नवी ओळ चढली.

मलाही आलं होतं एकदा. ‘वसुबेन, नवरात्रीत तुम्ही गरबा गायला लागलात तेव्हा मी खिडकी लावून घेतली. इच्छाला वाऱ्याचं निमित्त सांगितलं. वारा नव्हता.’ आठ दिवस मी त्या घराकडे पाहिलं नाही. आमचे हे मात्र ते कार्ड खिशात घालून फिरत होते आणि ज्याला त्याला वाचून दाखवत होते.

इच्छाबेन म्हणजे अमूलखभाईंच्या पत्नी. त्या दर वर्षी कार्डं पेटीत पडली की गवळ्याला सांगायच्या, ‘उद्यापासून आठवडाभर शेर दूध जास्त दे बाबा. आमच्या ह्यांनी माफ्या मागितल्यात, आता एकेक जण भांडायला येईल, त्यांना चहा तरी नको का द्यायला?’

हसायचो आम्ही. पण खरं सांगायचं तर भाद्रपद आला की गल्लीतला प्रत्येक जण मनातून त्या कार्डाची वाट बघायचा. वर्षभर कुणीतरी आपला एवढा विचार करतं, हे काही कमी नव्हतं. ज्याला कार्ड येत नसे तो रुसायचा. ‘का हो, आम्हाला दुखवावंसंही नाही वाटलं का?’

हे सगळं एकोणीस वर्षांपूर्वी बंद पडलं. का बंद पडलं ते मला गल्लीत सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

ठाकोरभाई म्हणजे अमूलखभाईंचे लहानपणापासूनचे मित्र. सुतरफेणीचं दुकान, घर आमच्या घराला लागून. रोज सकाळी दोघं देरासरातून दर्शन करून निघायचे, चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे, एका कागदात गाठिया आणि दोन कप चहा. बोलायचे काय, देव जाणे. निम्मा वेळ तर गप्पच असायचे. ठाकोरभाईंना एकच मुलगी, नीरू. हुशार, हसरी, नाकावर जाड चष्मा. तो चष्मा अर्थात अमूलखकाकांच्याच दुकानातला.

नीरूला अमदावादचं स्थळ आलं. चांगलं होतं. बघायला आले त्या दिवशी घरच्यांनी तिचा चष्मा काढून कपाटात ठेवला. बोलणी पुढे गेली. आणि चैत्रात एके दिवशी मुलाचे काका सहज आल्यासारखे अमूलखभाईंच्या दुकानात आले. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाले. दांडी आवळून होता होता त्यांनी विचारलं, ‘इथल्या सगळ्यांचे चष्मे तुमच्याकडेच होत असतील नाही?’

आता अमूलखभाईंचा एकच अहंकार होता. साऱ्या गावाचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. ‘कुणाचाही विचारा,’ ते म्हणाले. पाहुण्यांनी दोन-तीन नावं विचारली आणि मग चौथं ठाकोरभाईंच्या मुलीचं. ‘उजवा साडेपाच, डावा सहा!’ म्हणून गेले अमूलखभाई. कोण विचारतंय हे पाहुणे पायरी उतरून गेल्यावर त्यांच्या डोक्यात आलं. पुढच्या आठवड्यात अमदावादहून नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही, आणि ठाकोरभाईंनाही कळलं नाही.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण अमूलखभाईंची सवय लिहायची. त्यांनी भूलपोथीत लिहिलं आणि भाद्रपदाची वाट पाहिली. जवळजवळ पाच महिने रोज ठाकोरभाईंच्या शेजारी बसून गाठिया खाल्ला त्यांनी. मग संवत्सरी झाली आणि त्यांनी कार्ड टाकलं. ‘भाई ठाकोर, गेल्या चैत्र सुद अकराला दुकानात अमदावादच्या पाहुण्यांपुढे नीरूच्या चष्म्याचा नंबर माझ्या तोंडून गेला. साडेपाच आणि सहा. संबंध त्यामुळेच मोडला असं मी समजतो. तुझी मान खाली गेली. मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम.’

कार्ड आलं त्या सकाळी देरासराची मिरवणूक होती. ठाकोरभाईंच्या घराला कुलूप होतं. टपालवाल्याने कार्ड माझ्याकडे दिलं.

मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते, बरोबर शेजारच्या तिघी. अमूलखभाईंचं कार्ड म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. ‘वाच, वाच, या वर्षी ठाकोरभाईंना काय केलंय बघू!’ पोस्टकार्ड म्हणजे काय, उघडंच असतं. आणि दर वर्षी आम्ही एकमेकींची वाचायचोच की. मी वाचलं. मोठ्याने वाचलं, नेहमीसारखं नाटकी आवाजात. दुसऱ्या ओळीला माझा आवाज उतरला, पण थांबले नाही. थांबता आलं असतं.

तिघींपैकी एक मिरवणुकीला गेली. देरासराच्या पायऱ्यांवर बातमी माझ्या मेथीच्या आधी निवडून झाली. ठाकोरभाई घरी आले तेव्हा मी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकाचं निमित्त करून आत पळाले.

संध्याकाळी त्यांनी अमूलखभाईंच्या दारात उभं राहून जे म्हटलं ते मी भिंतीआडून ऐकलं. ‘कानात सांगितलं असतंस तर तिथल्या तिथे विसरलो असतो रे. तू आधी गावभर वाटलंस आणि उरलंसुरलं मला लिहून पाठवलंस.’

अमूलखभाईंनी नुसते हात जोडले. त्यांना वाटलं, ठाकोर उघड्या पोस्टकार्डाबद्दल बोलतोय. ठाकोरभाईंना वाटत होतं, अमूलख स्वतः तोंडाने सांगत फिरला. मधलं एक वाक्य फक्त माझ्याकडे होतं. ‘ठाकोरभाई, कार्ड मी वाचून दाखवलं.’ एवढंच. सासूबाई होत्या तेव्हा माझ्या, यांचा स्वभाव तापट, गल्लीत नाव जाईल, अशी शंभर कारणं होती मला. आज त्यातलं एकही धड आठवत नाही. घाबरले, हेच खरं.

अमूलखभाईंनी एकतीस वर्षांच्या वह्या धडप्यात बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून छापील कार्डं आली. सोनेरी कमळ आणि खाली ‘समस्त परिवार’. मग मोबाइल आले, मग तेच कमळ मोबाइलवर आलं. गल्लीतल्या सगळ्यांना एकच. चंदुलाल एकदा मला म्हणाला, ‘वसुबेन, तो अमूलख भांडत नाही हो हल्ली. करमत नाही.’

पायरीवर चहा येत राहिला, पण एकच कप. दोघांच्या घरांमध्ये फक्त आमचं घर. एकोणीस वर्षांत ठाकोरभाई त्या पायरीवरून रोज गेले आणि रोज दुसऱ्या बाजूला बघत गेले. नीरूचं दोन वर्षांनी भावनगरला लग्न झालं, नवरा भला निघाला, ती शाळेत शिकवायला लागली, सगळं चांगलं झालं. पण हे दोघं तसेच. मध्ये इच्छाबेन गेल्या, तेव्हा ठाकोरभाई आले होते, पण अंगणात सगळ्यांच्या मागे उभे राहून गेले. माझे हे गेले. अमूलखभाईंचा मुलगा सुरतेला, तो बोलावतो, हे जात नाहीत. दुपारचा डबा माझ्या घरून जातो.

यंदा वैशाखात ठाकोरभाई गेले. झोपेतच गेले. यात्रा निघाली तेव्हा अमूलखभाई आले आणि अंगणात सगळ्यांच्या मागे उभे राहिले. खांदा द्यायला पुढे झाले नाहीत. कुणी बोलावलंही नाही. नीरू भावनगरहून आली होती, तिने त्यांना लांबूनच नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर शहात्तर वर्षांचा माणूस शिडीवर! ‘अहो, उतरा आधी! पडलात तर तुमच्या मुलाला मी काय सांगू?’

‘शिडी धरा,’ वरून आवाज आला. आणि धडपं खाली आलं.

त्या संध्याकाळी एकोणीस वर्षांनी अमूलखभाई ओट्यावर फळी घेऊन बसले. शाईपेनाची जीभ वाळून खडखडीत झाली होती, ती त्यांनी कोमट पाण्यात तासभर भिजवली. नवी वही उघडली, तिथी घातली आणि बसले. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. सूर्य गेला. कागद तसाच.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘काही सापडत नाही,’ ते म्हणाले. ‘दिवसभरात कुणाला दुखावल्यासारखं वाटत नाही.’

‘अरे वा! म्हणजे साधू झालात की!’

‘तसं नाही वसुबेन. आधी रोज सापडायचं. आता बघायची सवय गेली.’

आठ दिवस नुसत्या तिथ्या पडत होत्या. नवव्या दिवशी मी डबा ठेवताना त्यांनी विचारलं, ‘काल मी तुम्हाला डाळ पातळ झाली असं म्हणालो का?’ मी म्हटलं, ‘म्हणालात नाही, पण वाटी हलवून बघितलीत.’ म्हातारा खुलला! तिथल्या तिथे फळी ओढली आणि लिहिलं. नंतर काही अडलं नाही. फुलवालीवर खेकसलो. मुलाचा फोन आला तेव्हा झोपलोय असं भासवलं. सुरुवातीला अक्षर उतरणीला लागल्यासारखं वाकडं, मग हळूहळू जुनं टपोरं अक्षर परत आलं. त्यांची कंबरही थोडी ताठ झाली, असं मला वाटलं.

आणि जुन्या वह्या. दुपारी उन्हं कलली की ते एकेक वही काढून वाचत बसत आणि मधूनच मला हाक मारत. ‘वसुबेन, ऐका!’ त्यात आमची सगळी गल्ली होती हो. गेलेली माणसं, पाडलेली घरं, बंद पडलेली टॉकीज, जिच्या तिकिटाच्या रांगेत अमूलखभाई एकदा मध्येच घुसले होते. माझे सासरे होते, त्यांची टोपी उडाली तेव्हा हे हसले होते. मी लग्न होऊन आले त्या वर्षीचीही एक ओळ होती, ‘शेजारी नवी सून आली आहे. फार बोलते, असं इच्छाला म्हणालो. बिचारी एकटी आहे म्हणून बोलत असेल, हे नंतर सुचलं.’ हे कार्ड मला कधी आलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, ‘कांदा चिरून आलेय.’ त्यांच्या घरी कांदा शिवतसुद्धा नाहीत.

इच्छाबेनच्या ओळी सगळ्यात जास्त. ‘आज कढीत मीठ नव्हतं. मी काही म्हणालो नाही, पण तोंड केलं. तिने पाहिलं.’ ही वाचल्यावर त्यांनी वही मिटली. ‘बायकोला मी कधी कार्ड टाकलं नाही,’ म्हणाले. ‘एका घरात राहतो, तिला कशाला, असं वाटायचं. सगळ्यात जास्त भुला तिच्याच बाबतीत, आणि माफी एकही नाही.’

श्रावणात ती वही निघाली. शेवटची. चैत्र सुद अकरा. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, मग मला दिली. मी डबा धुवायचं निमित्त शोधत होते, पण घ्यावी लागली.

‘ठाकोरची मान खाली गेली असं लिहिलंय मी. कार्डातही तेच लिहिलं. बरोबर?’

‘हो.’

‘मग नीरू? तिचं नाव नंबरापुरतं आहे. माफीत कुठे आहे?’ त्यांचा आवाज चढला. ‘स्थळ मोडलं मुलीचं, आणि मी माफी मागतोय तिच्या बापाची! एकतीस वर्षं भुला लिहिल्या, आणि ज्याच्या बाबतीत चूक केली तो माणूसच लिहायचा राहिला!’

मी म्हणाले, ‘आता ती सुखात आहे. जाऊ द्या.’

‘ठाकोर गेला, त्याचं आता काही करता येत नाही. ही आहे. हिने माफ केलं तर मी निदान ठाकोरच्या फोटोकडे बघेन. नाहीतर नाही.’

संवत्सरी झाली. पंचमीला त्यांनी पत्र लिहिलं. पोस्टकार्ड नाही, पाकीट. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं. डिंकाने चिकटवून वर अंगठा दाबून धरला, जसं काही आतून कुणी निघून जाईल. पेटीत टाकायला मीच बरोबर गेले. येताना मला म्हणाले, ‘उत्तर येईल ना?’ मी म्हटलं, ‘येईल.’ आणि मनात म्हटलं, न आलं तर बरं. खोटं कशाला बोलू? तसंच म्हटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते झालं. उजवा आधीच अधू. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि दहा दिवस वाचन-लेखन बंद सांगितलं. ‘सवय लागली आणि तुटली,’ म्हणून कुरकुरले. मी म्हटलं, ‘सांगा, मी लिहिते.’ तर नाही. ‘भूलपोथी दुसऱ्याच्या हाताने लिहीत नाहीत. लक्षात ठेवतो, नंतर लिहीन.’

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी भावनगरचं पाकीट आलं.

‘वाचा,’ ते म्हणाले. काळ्या चष्म्याआडून त्यांना दिसत नव्हतं, पण तोंड माझ्याकडे वळवून बसले. सकाळचे दहा वाजले असतील. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले.

‘पूज्य अमूलखकाका, पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण ते मी रोज एकदा वाचत होते. माझ्या नावाने कुणी माफी मागण्याची ही पहिलीच वेळ. त्या वर्षी घरात सगळे बापुजींच्या मानाबद्दल बोलत होते. चष्मा माझा होता, स्थळ माझं मोडलं होतं, पण मला कुणी काही विचारलं नाही. नंबर सांगितल्याचा मला तुमच्यावर राग नव्हता आणि नाही. खोटं काय होतं त्यात? चष्मा काढून मला बसवलं आमच्या लोकांनी, आणि मी चहा मुलाऐवजी त्याच्या काकांच्या मांडीवर ठेवत होते. लपवलं आम्ही. तुम्ही माफी मागितलीत, मी मनापासून माफ केलं. विषय संपला, काका.’

अमूलखभाईंनी चष्म्याखालून बोट घातलं. ‘डोळ्यातून पाणी काढायचं नाही!’ मी ओरडले. ‘डॉक्टरांनी काय सांगितलंय?’

‘पुढे वाचा.’

‘पण एक संपत नाही. बापुजी तुमच्याशी बोलेनासे झाले ते नंबरामुळे नाही. कार्ड हातात पडण्याआधीच देरासराच्या पायरीवर त्यांना लोकांनी विचारलं होतं, मुलीला सहा नंबर आहे म्हणे? शेवटपर्यंत ते म्हणत राहिले की अमूलखने आधी गावात सांगितलं. मी म्हणायचे, काका असं करणार नाहीत, ते कार्ड मधे कुणीतरी वाचलंय. ते ऐकायचे नाहीत. पण संध्याकाळी त्या पायरीकडे बघून यायचे, हे मला माहीत आहे.’

पुढच्या ओळी मला आधीच दिसल्या होत्या. मी थांबले.

‘संपलं?’ त्यांनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. कागद माझ्या हातात होता, डोळे त्यांचे बंद होते. पाकीट घडी करून ठेवलं असतं आणि दहा दिवसांनी ‘कुठे गेलं कोण जाणे’ म्हटलं असतं. एकोणीस वर्षं जमलं होतं, आणखी दहा दिवस काय कठीण? पण त्यांनी तोंड माझ्याकडे केलेलं होतं आणि पूर्ण भरवसा ठेवून केलेलं होतं. मला ते सहन झालं नाही.

‘नाही संपलं,’ मी म्हणाले आणि वाचलं. ‘ज्या कुणी ते वाचलं आणि सांगितलं, त्याने बापुजींचा एकुलता एक मित्र नेला. मी दर संवत्सरीला सगळ्यांना माफ करते. या माणसाचं राहून जातं, कारण त्याला नाव नाही. काका, तुम्हाला माहीत असेल तर नाव कळवा. भांडायला नको आहे. माफ करायला हवं आहे. तुमची नीरू.’

‘मला कुठून माहीत असणार?’ अमूलखभाई म्हणाले.

‘मी,’ मी म्हणाले. ‘मी वाचलं होतं. ओट्यावर, तिघींसमोर. मोठ्याने.’

मी सांगत सुटले, मेथी, मिरवणूक, ठाकोरभाई दारात उभे होते तेव्हाची भिंत, सगळं. मला वाटलं, ते म्हणतील की झालं ते झालं. इतकी वर्षं माणसाने भुला लिहिल्या, दुसऱ्याची एक भूल त्याला जड जाणार नाही असं मी धरून चालले होते.

‘घरी जा,’ ते म्हणाले. नेहमी मला ‘या’ आणि ‘जा हं’ म्हणणारा माणूस. नुसतं ‘घरी जा’.

दुपारी डबा पाठवला, तो न उघडता परत आला. दुसऱ्या दिवशीही. गल्लीतल्या मुलीने सांगितलं, काका खाकरा खाऊन राहतात. मी स्वतःच्या घरात बसून त्यांच्यावर चिडले. म्हटलं, मी सांगितलं हीच चूक झाली. मग रडले. मग परत चिडले. त्यांचा एक मित्र मी नेला होता आणि आता म्हातारपणचा शेजारही नेला, हे डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूर्य अजून कौलांवर होता, त्यांच्या ओट्यावरून हाक आली.

‘वसुबेन. या जरा.’

गेले. काळा चष्मा लावून बसले होते. फळी मांडीवर नव्हती, समोरच्या पाटावर ठेवलेली. वही उघडी, पेन बाजूला.

‘बसा. लिहा.’

‘तुम्ही तर म्हणता, दुसऱ्याच्या हाताने लिहीत नाहीत...’

‘लिहा म्हणतो ना. मला अजून चार दिवस आहेत, आणि हे राहून चालणार नाही.’

मी पेन घेतलं. ते सावकाश सांगू लागले, एकेक शब्द मला लिहिता येईल इतक्या वेळाने.

‘तिथी घाला. घातली? लिहा. वसुमतीवर राग आला. तिचा डबा दोन दिवस परत पाठवला. ती रडली असेल हे ठाऊक असून पाठवला. ठाकोरला घरात जाऊन विचारायचं धाडस एकोणीस वर्षं मला झालं नाही, त्याचाही राग तिच्यावरच काढला. राग अजून गेलेला नाही. लिहिलं?’

‘लिहिलं.’

‘अजून गेलेला नाही, हेही लिहिलंत?’

‘तेही लिहिलं.’

‘मिच्छामि दुक्कडम लिहा. आता पान उलटा.’ त्यांनी चाचपडत पाकीट माझ्यापुढे सरकवलं, भावनगरचा पत्ता वर येईल असं. ‘तिथे तुमचं लिहा. मी विचारणार नाही. ते पान फाडून तिला पाठवा.’

मी पान उलटलं आणि सगळ्यात आधी माझं पूर्ण नाव लिहिलं.